आत्याची शिफारस

१२ मार्च २०१९

आत्या,

तू घरात फोन ठेवत नाहीस, त्यामुळे अख्ख्या वाबुस्क पॉइंटमध्ये पत्र येणारी तू एकटीच उरली असशील. पण हे पत्र नेहमीसारखं हवापाण्याचं नाही. चहा ठेव, बस आणि मग वाच.

आमच्या मुख्य कोच बाई या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची त्यांची जागा रिकामी होतेय आणि मी अर्ज केलाय. मी इथे आले ती काळ्या आणि आदिवासी प्रशिक्षकांसाठी काढलेल्या योजनेतून. दोन वर्षं शीक, मग तुला संघ देऊ, असं तेव्हा सांगितलं होतं. योजना केव्हाच गुंडाळली, मी सहायकच राहिले. संघाच्या फोटोत मला बरोबर मधोमध उभं करतात. पाहुणे आले की 'रोशेल, तुमच्या क्री भाषेत दोन शब्द बोल ना' सुरू होतं. आणि सामना अटीतटीला आला की कुठले खेळाडू उतरवायचे ते कॉलिन ठरवतो. कॉलिन म्हणजे दुसरा सहायक. माझ्यानंतर आला, काम माझ्याकडून शिकला. माणूस वाईट नाही, पण त्यानेही अर्ज केलाय आणि जागा आपलीच आहे हे त्याने धरून टाकलंय.

मी कदाचित गप्प बसले असते. व्हर्लीन बसू देईना. तीच ती, नोव्हा स्कोशियाची, बास्केटबॉलच्या संघाची सहायक. काळ्या कोचांपैकी त्या योजनेतून आलेली ती एकटीच इथे टिकलीय, आणि तिचंही घोडं माझ्यासारखंच अडलंय. म्हणाली, "तू अर्ज करतेस की तुझ्या नावाने मीच करू?"

आता तुझं काम. मला घडवलेल्या पहिल्या कोचचं नाव त्यांनी मागितलंय. शिफारशीसाठी. मी तुझं दिलं. एप्रिलच्या सुरुवातीला मिसेस हॅलम नावाच्या बाई, निवड समितीच्या प्रमुख, गावाच्या ऑफिसात फोन करतील. आत्या, तो फोन घे. कॉलिन तरुण आहे. तो एकदा त्या खुर्चीत बसला की माझे केस पिकेपर्यंत उठायचा नाही, आणि सहायक म्हणून पिकलेल्या बाईला पुढे कुणी संघ देत नाही.

वाट बघतेय,
रोशेल


२१ मार्च

बदकपाये,

पत्र मिळालं. पोस्टातल्या बाईने आधी पाकीट उजेडाला धरून बघितलं, मग मला दिलं.

तू मुख्य कोच होणार म्हणजे त्या विद्यापीठाचं काही खरं नाही. बर्फाच्या रिंकच्या कठड्याला डिंकासारखी चिकटलेली असायचीस. कठडा सोड म्हटलं की मला चिकटायचीस. तुझ्या बापाला वाचून दाखवलं पत्र. तो हसला आणि सरपण फोडायला गेला. खूश असला की तो लाकडंच फोडतो.

फोन घेईन. ऑफिसातल्या पोरीला सांगून ठेवलंय. पण मला एक कळत नाही. ती माणसं तुला सहा वर्षं रोज डोळ्यांनी बघतायत आणि तू कशी आहेस ते मला विचारणार? आंधळी आहेत का?

नदी अजून घट्ट आहे. रानहंस यायच्या आत आम्ही शिकारीच्या तळावर जाऊ. तू यंदाही हंसांच्या सुट्टीला नाहीस. तुझ्या वाटचं मी खाईन.

तुझी म्हातारी आत्या


५ एप्रिल

रोशेल,

आला फोन! मी आंघोळ करून, चांगला स्वेटर घालून बसले होते. ऑफिसातली पोरगी म्हणाली, "त्यांना दिसणार नाहीये गं." मी म्हटलं, "मला दिसतंय ना."

तुझ्या हॅलमबाई गोड बोलतात. मला मॅडम म्हणाल्या. विचारलं, रोशेल कोच म्हणून कशी आहे? मी म्हटलं, "ती? ती काय करते! खिशात हात घालून उभी असते. पोरीच सगळं करतात." आणि अशी हसले! त्याही हसल्या. मग विचारलं, शिस्त लावते का? मी म्हटलं, "तिने आजवर कुणाला एक शब्द सांगितल्याचं मला आठवत नाही." मग कमतरता विचारल्या. त्या मी भरपूर सांगितल्या, नाहीतर त्यांना वाटायचं की आत्या भाचीचा टेंभा मिरवतेय. कठड्याचं सांगितलं. तुझा स्वयंपाकही सांगितला.

शेवटी विचारलं, या पदासाठी तुम्ही तिचं नाव सुचवाल का? आता बघ, मोठ्या माणसांच्या कामात नाक खुपसणारी मी कोण? मी म्हटलं, "ते तिने आणि तुम्ही ठरवायचं. मी कशी सांगू?" बाई गप्पच झाल्या. त्यांना पटलं असणार.

तोंडावर कधी सांगितलं नसतं, पण पोरी, आजवर एवढं कौतुक मी कुणाचं केलं नाही. फोन ठेवल्यावर तर डोळे पुसले. जागा तुझी झाली समज.

उद्या तळावर निघतो.

आत्या


८ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, त्यामुळे फोनचं काय झालं ते माहीत नाही. पण माझी मुलाखत आज झाली आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये.

पाच जण होते. समोर सगळ्यांच्या एकेक कागद. सुरुवात बरी झाली. मग हॅलमबाईंनी कागदाकडे बघत विचारलं, "सामन्यात तुम्ही खिशात हात घालून उभ्या असता हे खरं का?" दुसऱ्याने विचारलं, "संघ मुलीच चालवतात असं ऐकलंय. मग तुम्ही नेमकं काय करता?" तिसरा म्हणाला, "तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीलाही तुमचं नाव सुचवायला संकोच वाटला." स्वतःबद्दल काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, व्हर्लीनने आरशासमोर घोटून घेतलं होतं. तोंडातून एक वाक्य निघालं नाही.

माझ्या मागे हे कोण बोललं? खिशातल्या हातांवरून मला चिडवणारं इथे एकच माणूस आहे. व्हर्लीन. समितीने तिलाही विचारलं होतं. मी तिला गाडीपाशी गाठलं आणि म्हटलं, "तुला नाही मिळालं म्हणून मलाही मिळू द्यायचं नव्हतं ना?" तिने गाडीचं दार उघडलं. म्हणाली, "रोशेल, शुद्धीवर आलीस की बोल." आणि निघून गेली.

माझं चुकतंय का गं? पण दुसरं कोण असेल?

रोशेल


१६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मिळालं. फोन घेतलास, फार बरं केलंस. छान बोललीस. निकाल लागायचा आहे, इथे सगळं ठीक आहे. मी आठ तारखेला एक पत्र टाकलं होतं, ते घाईत लिहिलं होतं. आलं तर वाचू नकोस, चुलीत घाल. तळावर बाबांना सांभाळ, पाण्यावर एकट्याला जाऊ देऊ नकोस.

रोशेल


२५ एप्रिल, तळावरून

रोशेल,

तुझी दोन्ही पत्रं हेलिकॉप्टरवाल्याने एकदमच आणून दिली. चुलीत घालायचं पत्र मी आधी वाचलं. चुलीत घाल असं कुणी सांगितलं की माणूस आधी तेच वाचणार ना!

ते शब्द माझे आहेत. खिशातले हात, पोरीच सगळं करतात, ते सगळं. तुला हे कळलं होतं आणि तरी तू मला 'छान बोललीस' लिहिलंस. माझ्याशी खोटं बोलायची तुझी ही पहिलीच वेळ, आणि तेही तुला धड जमलं नाही.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. तुझ्या बापाला विचारलं, तो म्हणाला, "तू बरोबरच बोललीस." मग पलीकडच्या तळावर आलेल्या शाळेच्या मास्तरणीला विचारलं. ती दक्षिणेची आहे. ऐकताना तिने कपाळालाच हात लावला. म्हणाली, "ॲगॅथा, तिकडे माणसाची शिफारस करायची म्हणजे इंजिनवाली होडी विकतो तशी करायची. आवाज मोठा, दोष एकही नाही." मी म्हटलं, "होडी तर आम्हीही तशी विकत नाही." होडी पाण्यात घालून देतो आणि गप्प बसतो. ज्याला कळतं तो घेतो.

मला त्यांचा राग येतोय आणि माझाही येतोय. त्या व्हर्लीनची माफी माग. आधी ते कर. माझं जे काय बोललेलं आहे ते त्यांना सांगून खोडून टाक. म्हातारी आहे, डोकं फिरलंय, काय हवं ते सांग. माझ्या तोंडापायी तुझी जागा जाता कामा नये.

आत्या


३० एप्रिल

आत्या,

माफी मागितली. व्हर्लीनच्या दारात उभी राहून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, "तुझी आत्या आणि आमचे पाळक एकाच बोटीत बसलेत." तिला गावात चर्चच्या सभागृहात खेळ शिकवणारे पाळक होते. तिने मागे मुख्य पदासाठी अर्ज केला तेव्हा त्यांनी तिच्याबद्दल भरभरून सांगितलं होतं. समितीने शेरा मारला, 'भावनिक, वस्तुनिष्ठ नाही'. तुझ्या बोलण्यावर शेरा आहे, 'थंड'. व्हर्लीन म्हणाली, "आमचे लोक बोलले तर जास्त होतं, तुमचे बोलले तर कमी पडतं. त्यांच्या मापाचं नेमकं बोलतो तो कॉलिनची शिफारस करणारा त्याचा काका."

मी हॅलमबाईंना भेटले. तू काय म्हणालीस आणि त्याचा आपल्याकडे अर्थ काय होतो ते सांगितलं. पोरी आपण होऊन खेळायला लागल्या, तर त्यांच्या कोचबद्दल याहून मोठं काही बोलताच येत नाही, हे सांगितलं. चिडवतो ते आपल्या माणसाला, हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोपा मार्ग आहे. ती शिफारस अनुभव नसलेल्या व्यक्तीची होती, असं तुम्ही लिहून द्या. आम्ही ती बाजूला काढतो. ती सोडली तर तुमची बाजू कॉलिनपेक्षा वरचढ आहे." खरंच मदत करत होत्या गं. एका सहीचं काम होतं.

तूही तेच सांगतेयस. पण मला हे करवत नाही. तीस वर्षं ज्या बाईने आख्ख्या गावाला बर्फावर उभं केलं तिला अनुभव नाही, असं मी लिहून देऊ? आणि मी ते दिलं तर पुढे आपल्या किनाऱ्यावरून येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या आत्याचं बोलणं असंच बाजूला काढतील, माझा कागद दाखवून. मी म्हटलं, "काढायचं नाही. कळलं नसेल तर पुन्हा विचारा." हॅलमबाईंना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "समिती पंधरा मेच्या आत निर्णय घेणार. त्याआधी एकदा फोन करीन. पण त्याही वेळी तेच उत्तर आलं तर मी काही करू शकणार नाही."

म्हणजे आता सगळं तुझ्यावर येऊन पडलंय आणि ते मीच टाकलंय. मला झोप नाही. तू तळावर आहेस, फोन येणार कुठे, तेही मला माहीत नाही. तू काय बोलायचंस ते मी सांगणार नाही. ते मला जमायचं नाही.

रोशेल


१४ मे, तळावरून

रोशेल,

फोन आला. कुठे आला ते ऐक.

ऑफिसातल्या पोरीने हॅलमबाईंना सांगितलं की ॲगॅथा तळावर आहे, इथे फक्त रेडिओ लागतो. बाई म्हणाल्या, मग रेडिओवर द्या. पोरीने फोन रेडिओच्या मायकाला लावला. आमच्या रेडिओवर म्हणजे सगळ्या किनाऱ्याच्या सगळ्या तळांवर! संध्याकाळची वेळ, सगळे हवेचा अंदाज ऐकायला रेडिओभोवती बसलेले. चुलीवर दोरीला टांगून हंस भाजत होता. तुझा बाप दोरीला पीळ देत होता. तेवढ्यात त्या डब्यातून हॅलमबाईंचा आवाज, "मिसेस वाबानो, रोशेल चांगली कोच आहे का?"

पोरी, विचार कर. आपल्या भाचीचं कौतुक सगळ्या किनाऱ्याच्या कानात? चारचौघांत कपडे काढल्यासारखं ते. तुझ्या बापाकडे बघितलं. तो उठला आणि बाहेर गेला. मी बटण दाबलं.

मी म्हटलं, "हो. चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली आहे. तुमच्याकडे जो कुणी दुसरा आहे त्याच्यापेक्षाही चांगली आहे." त्या म्हणाल्या, एखादं उदाहरण? मी सांगितलं, "ज्या वर्षी आमच्या रिंकचं छप्पर कोसळलं, त्या वर्षी पोरी संध्याकाळी नुसत्या भटकायच्या, आणि ते भटकणं चांगलं नव्हतं. रोशेल तेव्हा लहानच होती. ती एकटी फावडं घेऊन नदीवर गेली आणि बर्फ झाडायला लागली. कुणाला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पोरी फावडी घेऊन आल्या. मग सगळ्या आल्या. त्यांनी स्वतःचं मैदान केलं, स्वतःचा संघ केला आणि ती कडेला खिशात हात घालून उभी राहिली. कारण तिचं काम झालं होतं. बाई, तुमच्या माणसाला हे येतं का?"

खरं तर एवढ्यावर थांबायचं होतं मला. तरी म्हटलं, "तिला ती जागा द्या. मी सांगतेय."

त्या धन्यवाद म्हणाल्या, फोन बंद झाला. आणि सगळा किनारा गप्प. एरवी कुणी शिंकलं तरी पाच तळांवरून उत्तर येतं. त्या संध्याकाळी हवेवरही कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दोन होड्या आमच्या समोरून गेल्या, चहाला थांबल्या नाहीत. मी चुलीपाशी तोंड खाली घालून बसले. तुझ्या बापाने काही म्हटलं नाही, पण हंसाच्या छातीची फोड माझ्या ताटात वाढली.

परवा सकाळी म्हातारा मॅलाकाय रेडिओवर आला. म्हणाला, "ॲगॅथा, तुमच्याकडे हंस उतरतायत का? का सगळे तुझ्या भाचीकडून उडायला शिकायला दक्षिणेला परत गेले?" मग जो काय हशा पिकला! एकेक तळ बटण दाबून हसत होता. संध्याकाळपर्यंत तीन होड्या चहाला लागल्या. मला रडू आलं, मी धुराच्या नावावर खपवलं.

माझं करून झालं. आता तुझं नशीब.

आत्या


२१ मे

आत्या,

जागा मिळाली. पुढच्या मोसमापासून मी मुख्य कोच आहे. एका वर्षाची परीक्षा वगैरे नाही, आधीच्या बाईंना होता तोच करार. व्हर्लीनने बातमी ऐकली आणि पार्किंगमध्येच ओरडली, पहारेकरी धावत आला. आता तिनेही पुन्हा अर्ज करायचं ठरवलंय, आणि पाळकांचंच नाव देणार आहे.

हॅलमबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "तुमच्या आत्यांचं दुसऱ्या वेळचं बोलणं निर्णायक ठरलं. या वेळी किती स्पष्ट बोलल्या!" मी आभार मानले, फोन ठेवला आणि मला भयंकर संताप आला. त्या दिवशी तुझं पत्र आलं नव्हतं. रेडिओचं माहीत नव्हतं. ते आज वाचलं आणि सरळ त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "ती पहिल्या वेळीही स्पष्टच बोलली होती. दुसऱ्या वेळी तिने तुमच्यासाठी स्वतःची लाज काढून ठेवली, आख्ख्या किनाऱ्यासमोर." त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, "मी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मला सही करायला सांगितलीत."

मला वाटलं, आता ही जागा जाते. गेली नाही. माझी सहायकाची जागा आता मला भरायची आहे. त्यांनी शिफारशीसाठी विचारायचे छापील प्रश्न पाठवले, ते मी परत केले. फोन मी स्वतः करणार. समोरचा गप्प बसला तर थांबणार, हसला तर का हसला ते विचारणार.

आत्या, तुला त्या बटणावर बोट ठेवायला मी लावलं. ते मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणाच्या आत्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तरी ही खुर्ची मी सहजासहजी सोडणार नाही.

रोशेल


३ जून

बदकपाये,

गावात परत आलो. दुकानात सगळे विचारतात, "तुझी भाची मोठी कोच झाली म्हणे?" मी म्हणते, "झाली असेल बाई. मला काय माहीत!"

मग घरी आले, दार लावलं, पडदे ओढले आणि नाचले. गुडघा अजून दुखतोय.

आत्या